उपऱ्यांची पेठ

मराठी मुलखाच्या जुन्या महसुली दप्तरांत गावच्या कुणब्यांचे दोन वर्ग नमूद केलेले आढळतात. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरासदार तो, ज्याची जमीन वडिलोपार्जित असे, जी त्याला विकता येई, गहाण टाकता येई, आणि जिच्यायोगे गोतसभेत त्याच्या शब्दाला वजन असे. उपरी तो, जो दुष्काळाने, लुटालुटीने किंवा भाऊबंदकीला कंटाळून आपला गाव सोडून परगावी आला आणि निर्वंश झालेल्या एखाद्या घराण्याची पडीक, म्हणजे दप्तराच्या भाषेत गतकुळी, जमीन सरकारच्या कौलावर कसू लागला. पहिली काही वर्षे त्याच्याकडून नाममात्र सारा घ्यावा आणि पुढे इस्ताव्याने तो वर्षागणिक चढवीत न्यावा, असा रिवाज होता. आज आपण ‘उपरा’ हा शब्द उच्चारतो तेव्हा त्यात तुच्छतेचा दर्प असतो. दप्तरात तो नव्हता. पडीक जमीन कोणाच्याच हिताची नसते हे गावाला ठाऊक होते आणि सरकारलाही, म्हणून उपरी दोघांनाही हवा असे. आणि पिढ्या उलटल्या म्हणजे त्याच उपऱ्याचा नातू रीतसर मिरासपत्र करून घेऊन गावकऱ्यांत बसू शके.

हा भेद मला पुस्तकात भेटला, परंतु त्याचा अर्थ उमगला तो वाशीतल्या एका किराणा दुकानाच्या पायरीवर. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी मिटलाच नाही. त्या पडझडीत, दोनतीन वर्षे कशीबशी काढून, आमच्या वडिलांनी परळच्या चाळीतली खोली सोडली आणि खाडीपलीकडे सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसविणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, वसाहतीत एक लहानसे घर घेतले. खाडीवरचा पूल १९७३ पासून होता, पण लोकल वाशीत यायला १९९२ उजाडायचे होते; तोवर सगळा भरवसा बसवर, आणि पावसाळ्यात बसचाही नेम नसे. भोवती भराव घातलेली, झाडाचा मागमूस नसलेली जमीन, रात्री बेडकांचा एकसुरी कोलाहल, आणि त्या अंधारात तळमजल्याच्या एका गाळ्यात लागलेला दिवा. दुकानदार राजस्थानातल्या जालोरकडचा, विशी नुकती ओलांडलेला तरुण होता आणि दुकानातच पोटमाळ्यावर निजत असे. आईने पहिल्या दिवशी त्याला शेठ म्हटले, त्याने तिला भाभी म्हटले, आणि आमची शिधापत्रिका नव्या पत्त्यावर बदलून यायच्या कितीतरी आधी त्याच्या वहीत आमच्या नावाचे पान उघडले गेले. वस्ती झाली म्हणजे मागाहून दुकान येते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आमच्या बाबतीत क्रम उलटा होता. ते दुकान होते म्हणून आमच्या जिन्यातली आठ कुटुंबे परत मुंबईला गेली नाहीत.

नवी मुंबईची कल्पना मांडली ती चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी, १९६५ साली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश या शहरासाठी मुक्रर झाला. ही योजना माणसांविषयीच्या आस्थेतून जन्मली होती, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असावी, नित्याच्या जिनसांसाठी कोणाला वाहनात बसावे लागू नये, हे त्यात आवर्जून पाहिलेले होते आणि दर सेक्टरला दुकानांचे गाळे राखून ठेवलेले होते. पण आराखड्यात गाळा काढता येतो, शेजार काढता येत नाही. आमच्या वसाहतींना नावे नव्हती, आकडे होते. सेक्टर नऊ, सेक्टर दहा, त्यात जेएन एक, जेएन दोन अशी इमारतींच्या नमुन्यांची सांकेतिक अक्षरे. अशा आकड्यांत राहणारी माणसे परस्परांना पत्ता सांगू लागली तो दुकानांच्या खुणेने; अमक्या बेकरीच्या मागे, तमक्या इस्त्रीवाल्याच्या समोरचा जिना, अण्णाच्या हॉटेलवरून डावीकडे. परक्या मुलखातून आलेल्या या माणसांनी आम्हांला आमच्याच घराचा पत्ता दिला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कोण कुठून आले याची नोंद वास्तविक कोणीतरी सविस्तर करून ठेवावयास हवी. किराणा, मिठाई आणि भांड्यांची दुकाने बहुशः राजस्थानातील जालोर, पाली, सिरोही या जिल्ह्यांतून आलेल्यांची. लाकूड, प्लायवूड आणि हार्डवेअर कच्छी पटेलांचे. इडली-डोशाची उपाहारगृहे उडुपी आणि मंगळूरकडच्या शेट्टी मंडळींची. केसकर्तनालये, इस्त्रीची टपरी आणि भाजीची गाडी उत्तर प्रदेश व बिहारची. शहाळ्यांची गाडी कर्नाटकाची. सकाळी भोंगा वाजवीत सायकलीवरून इडल्या विकणारा तमिळ. आणि अय्यंगार बेकरी या नावाने जे खारी-टोस्ट आमच्या चहाशी एकजीव झाले त्यांची मुळे कर्नाटकातील हासनकडची. केरळी किराणा दुकानात उकडा लाल तांदूळ, खोबरेल तेलात तळलेल्या केळ्याच्या चकत्या आणि ताजा सुरण मिळतो, आणि ओणमच्या आधीच्या आठवड्यात तिथे फुले घेणाऱ्यांच्या रांगेत सातारकर बायकाही उभ्या असतात. वाशी स्थानकाजवळ निरनिराळ्या राज्य सरकारांनी आपापली अतिथिभवने उभारली आहेत. केरळचे आहे, आसामचे आहे, मिझोरामचे आहे. त्या इमारती देखण्या आहेत. पण त्या त्या प्रांताची वकिली आमच्यापाशी खरोखर केली ती या गाळ्यांनी आणि टपऱ्यांनी.

हे अर्थात नवी मुंबईतच प्रथम घडले असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांनी मुंबईच्या चौकाचौकांत जी चहाची दुकाने मांडली, त्यांत धोबीतलावचे कयानी १९०४ पासून उभे आहे. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ मध्ये उडुपी पंगत सुरू केली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंध्यांनी उल्हासनगर वसविले. परंतु ती दुकाने आधीच नांदत्या शहरात आली. आमच्याकडे नांदणेच मुळी दुकानापासून सुरू झाले.

किराणा दुकान चालते कसे, हे ज्याने दीर्घकाळ पाहिले नाही त्याला त्याचे मोल कळणे कठीण. आमचा शेठ आरंभी पहाटेच्या बसने मशीदबंदरला जाई. कांदाबटाटा बाजार तेवढा तेव्हा वाशीत आलेला होता. पुढे धान्य व मसाल्याचे घाऊक व्यापारी खाडी ओलांडून आले, १९९६ मध्ये फळे आणि भाजीपालाही आला, आणि मुंबईला अन्न पुरविणारी घाऊक पेठच, म्हणजे बाजार समिती, आमच्या दाराशी येऊन बसली. पण घाऊक पेठेत माल कट्ट्याने मिळतो आणि माणूस खातो पावशेराने. पन्नास किलोंचा कट्टा फोडून त्याची दोनशे गिऱ्हाइके करणे, त्यांतल्या निम्म्यांना माल देताना पैसे न मागणे, आणि कोणाला कोणत्या तारखेपर्यंत मागायचे नाहीत हे लक्षात ठेवणे, ही त्या धंद्यातली विद्या आहे. आमच्या इमारतीत कोणाचा पगार सात तारखेला होतो, कोणाचा कारखाना बंद पडला आहे, कोणाच्या घरी बाळंतीण आली आहे, हे शेठला वहीच्या पानांवरून समजत असे, आणि समजल्यावर तो त्याची वाच्यता करीत नसे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने एकामागून एक बंद होऊ लागले त्या वर्षांत आमच्या जिन्यातल्या एका कुटुंबाचे खाते चौदा महिने थकले होते. ते त्याने कसे सोसले हे मी त्याला पुष्कळ वर्षांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, माणूस इथेच राहणार होता ना.” एखाद्या पेढीच्या चालकाला कर्ज देण्यापूर्वी जी खातरजमा करावी लागते तिचे सार या एका वाक्यात आहे, आणि शेजार या शब्दाचेही.

या व्यवहाराची उणी बाजू मी झाकून ठेवू इच्छीत नाही. वहीत कधी आकडा चढतो, सुट्या मालाला कधी माप कमी पडते; आणि सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे गावाकडून आणलेली बारा-चौदा वर्षांची मुले वर्षानुवर्षे त्याच पोटमाळ्यावर निजत, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत, आणि त्यांचे बालपण त्या गाळ्यात संपून जाई. आमच्या शेठनेही असे दोन पोर आणले होते. त्याबद्दल मी तेव्हा काही बोललो नाही, ते बोलावयास हवे होते.

पण याच व्यवस्थेत एका जुन्या आरोपाचे उत्तर दडलेले आहे. मराठी माणसाला धंदा जमत नाही आणि मारवाड्याच्या रक्तातच तो असतो, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि ते मला दोन्ही बाजूंनी अन्यायाचे वाटते. रक्तात काहीही नसते. गावचा पोर पाच-सात वर्षे चुलत्याच्या दुकानात उमेदवारी करतो, मग तोच चुलता त्याला दुसऱ्या वसाहतीत गाळा भाड्याने घेऊन देतो, ज्ञातीतला घाऊक व्यापारी पहिला माल उधार भरतो, आणि तो पोर बुडाला तर सर्वांची पत बुडते म्हणून सर्वजण त्याला सावरून धरतात. ही एक पतसंस्थाच आहे, तिला फक्त पाटी नाही. बँकेने तारण मागितले असते. इथे तारण होते ते गावातले नाव.

आणि असे तारण मराठी माणसापाशी नसते असे ज्याला वाटते त्याने सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूत जाऊन यावे. तिथल्या कित्येक गावांतली घरे गलाईच्या धंद्यावर उभी आहेत. जुने दागिने आणि सराफांच्या पेढीतले चूर आटवून, त्यातील हीण काढून शुद्ध सोने-चांदी वेगळी करून देणे म्हणजे गलाई. पाऊस पडत नाही म्हणून गेल्या शतकात या टापूतील माणसे बाहेर पडली आणि केरळापासून बंगालपर्यंत, जिथे जिथे सराफकट्टा आहे तिथे तिथे एखाद्या अरुंद गल्लीत भट्टी पेटवून बसली. गावचा पोर आधी गाववाल्याच्या भट्टीवर काम शिकतो, मग त्याच्याच जामीनकीवर दुसऱ्या गावी स्वतःची भट्टी मांडतो. जालोरच्या किराण्याची आणि विट्याच्या गलाईची रीत अक्षरशः एकच आहे. सराफाचे सोने रात्रभर ज्याच्या ताब्यात राहते तो माणूस त्या शहरात परका असून भागत नाही. म्हणून हे लोक तिथली भाषा शिकले, मुलांना तिथल्या शाळांत घातले, आणि गणपती व शिवजयंतीही तिथे साजरी करू लागले. कोइमतूरच्या किंवा त्रिशूरच्या सराफकट्ट्यात आपल्या या बांधवांना कोणी उपरे म्हणून हिणवले तर आपल्याला जे वाटेल, तेच वाशीच्या गाळ्यात बसलेल्या माणसाला वाटत असणार, ही कल्पना करण्यास फार मोठी प्रतिभा लागत नाही.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट राज्यकारभाराचा भाग म्हणून ठाऊक होती. पेशवाईत पुण्यात नव्या पेठा वसू लागल्या तेव्हा नव्या पेठेचे शेटेपण एखाद्या कर्त्या माणसाला देत, बाहेरगावचे वाणी, उदमी आणि कसबी बोलावून आणण्याचे काम त्याच्याकडे सोपवीत, आणि आलेल्यांना काही वर्षे जकात, मोहतर्फा इत्यादी बाबी माफ करून तसा कौल देत. कौल म्हणजे अभयवचन. तुम्ही या, घर बांधा, दुकान मांडा, अमुक मुदतीपर्यंत तुमच्याकडून काही घेतले जाणार नाही आणि त्यानंतर अमुक इतकेच घेतले जाईल, हे आधी सांगितलेले असे. गुजराती आणि मारवाडी व्यापारी पुण्याच्या पेठांत आले ते अशाच काळात, आणि त्यांच्या वंशजांना आज पुणेकर म्हणावयास कोणी अडखळत नाही. सिडकोने गाळे दिले ते निविदेने, आणि साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. गाळा घेणारा बहुधा वेगळा आणि त्यात बसणारा वेगळा. घेणाऱ्याशी करार झाला. बसणाऱ्याला कौल कोणीच दिला नाही.

इथवरचे विवेचन वाचून दिवाळ्याच्या किंवा जासईच्या एखाद्या वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा राहील तो मला ऐकू येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उपरी जिथे आला ती जमीन गतकुळी होती का? नव्हती. नवी मुंबईची जमीन निर्वंश झालेल्या कोणाची नव्हती. ती आगरी, कोळी आणि कराडी समाजाची नांदती जमीन होती. भातखाचरे होती, मिठागरे होती, खाडीतल्या मासेमारीच्या पिढीजात जागा होत्या. ती संपादनाने गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि जासई व आसपासच्या भूमीवर पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी प्राणास मुकले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचे तत्त्व त्या रक्तातून पुढे आले. म्हणजे या शहरात मिरासदार कोण याविषयी वाद नाही. बाकीचे आम्ही सारे, माझे सातारी वडील काय, बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणारे जावळी-पाटणचे माथाडी काय, जालोरचा शेठ काय, एकाच नावेतले उपरी. मराठी बोलतो म्हणून मी या जमिनीचा मिरासदार होतो, असे म्हणणे हा आगरी-कोळ्यांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय.

आणि त्यांच्यावरचा अन्याय अद्याप चालू आहे, तो पाहायचा तर सेक्टरच्या कोपऱ्यावर संध्याकाळी पाटी घेऊन बसलेल्या कोळणीकडे पाहावे. सारसोळ्याची किंवा करावेची ही मावशी. तिची आजी याच खाडीची मासळी डोक्यावरून याच वाटेने नेत असे, तेव्हा इथे सेक्टर नव्हता. आज अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आली की ती पाटी उचलून पळते, कारण कागदोपत्री ती फेरीवाली आहे आणि तिच्याकडे परवाना नाही. तिच्या शेजारी गाडी लावणारा जौनपूरचा भाजीवालाही पळतो. पळताना दोघे एकमेकांचा माल सावरून घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचा कायदा २०१४ साली झाला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यावी, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात लिहिले आहे. तो कायदा अक्षरशः अमलात आला तर मावशीला आणि भाजीवाल्याला एकाच वेळी कौल मिळेल. तो अमलात आणण्याची खटपट सोडून, त्या दोघांत आधी कोणाला हाकलावे याचा वाद माजविणारी माणसे मावशीचे कैवारी आहेत, हे मी मान्य करू शकत नाही.

स्थानिक तरुणाला किराणा दुकान का काढता आले नाही, या प्रश्नाचे उत्तरही वर आलेच आहे. त्याच्या हातात संपादनाची रक्कम आली, पुढे भूखंड आला, गावठाणातल्या घरावर मजले चढले आणि भाडे येऊ लागले. पण पाच वर्षे उमेदवारी करून घेणारा चुलता आणि पहिला माल उधार भरणारा व्यापारी त्याला लाभला नाही. ही साखळी कोणी हिरावून घेतली नाही. ती त्याच्यासाठी कोणी घडविलीच नाही. सहकाराच्या मार्गाने ज्या महाराष्ट्राने साखर कारखाने आणि दूधसंघ उभारले, त्याला प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी एक घाऊक खरेदी-संघ आणि एक पतपेढी बाजार समितीच्या दाराशी उभारणे अशक्य नव्हते. ते आजही अशक्य नाही. शेजारच्या परप्रांतीय दुकानाला कुलूप लागल्याने मात्र यांपैकी काहीही साधणार नाही.

भाषेचा प्रश्न असाच सरळपणे पाहिला पाहिजे. महाराष्ट्रात दुकानावरची पाटी मराठीत, देवनागरीत आणि अन्य लिपीहून लहान नाही अशा अक्षरांत असावी, हा नियम मला सर्वस्वी योग्य वाटतो. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी नोकर असणारी दुकानेही त्याच्या कक्षेत आली आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या लावण्यास सांगितले, हेही उचितच झाले. ज्या भूमीचे अन्न आपण विकतो तिची भाषा दारावर असावी, ही अपेक्षा कोणत्याही देशात अवाजवी ठरणार नाही, आणि तीस वर्षे इथे राहून ज्याने मराठी शिकण्याचा यत्नच केला नाही त्याने शेजारधर्म अर्धाच पाळला असे मी म्हणेन.

पण मग भाषा शिकवायची कोणी? माझी आई शेठशी नेहमी मराठीत बोलली. तांदळाला तांदूळ आणि हरभऱ्याच्या डाळीला हरभऱ्याचीच डाळ म्हणत राहिली. त्याने आरंभी हिंदीत उत्तर दिले, मग मोडक्या मराठीत, आणि आता त्याची मराठी सातारी वळणाची आहे, कारण ती त्याने माझ्या आईकडून घेतली. आमच्या पुढच्या पिढीने गल्ल्यासमोर उभे राहताच हिंदी सुरू केली, म्हणून शेठच्या पुतण्याला मराठी येत नाही. त्याच्या मनात द्वेष आहे म्हणून नव्हे, त्याला ती ऐकूच आली नाही म्हणून. दुकानदाराच्या श्रीमुखात भडकावून त्याला मराठी शिकवू पाहणाऱ्यांनी आपल्या घरातील माणसे दुकानात कोणती भाषा बोलतात, याची चौकशी आधी करावी. मारलेल्या माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात त्यांत मराठी वर्ण असतील, पण ती मराठी भाषा नव्हे. आणि हा हात नेहमी उचलला जातो तो लहान गाळेवाल्यावर आणि गाडीवाल्यावर; खाडीकाठच्या भव्य मॉलमध्ये दिवसभर मराठीचा शब्द कानी पडत नाही, तिथे तो उचलल्याचे मी क्वचितच ऐकले आहे.

२०२० च्या वसंतात टाळेबंदी लागली तेव्हा या लहान दुकानांची परीक्षा झाली. मे महिन्यात बाजार समितीचे व्यवहारही आठवडाभर पूर्णतः बंद ठेवावे लागले. शेठची गावाकडची माणसे निघून गेली होती. साठीकडे झुकलेला तो एकटा शटर अर्धे वर करून बसे, चिठ्ठ्या घेई आणि पिशव्या भरून पायरीवर ठेवी. आमच्या इमारतीत तेव्हा तीन वृद्ध एकेकटे राहत होते. त्यांची चिठ्ठी आली नाही त्या दिवशी तो वर जाऊन दार वाजवीत असे. हे काम त्याला कोणी सांगितलेले नव्हते. आता दहा मिनिटांत दारात सामान आणून टाकणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. त्यांची कोठारे कुठे आहेत ते आम्हांला माहीत नाही, सामान आणणारा मुलगा रोज निराळा असतो, धावपळीत त्याला पाणी विचारण्याइतकीही उसंत नसते. सोय मी नाकारीत नाही, मीही तिचा लाभ घेतो. परंतु ज्या व्यापाराला माझे दार माहीत आहे आणि मी माहीत नाही, तो माझी चिठ्ठी आली नाही म्हणून कधी वर चढून येणार नाही.

आमची इमारत आता धोकादायक ठरली आहे. छताचे गिलावे कोसळू लागल्यापासून पुनर्बांधणीचा विषय वर्षानुवर्षे चालला होता, तो अखेर मार्गी लागला. संस्थेच्या सभेत सभासदांची यादी वाचण्यात आली. कोणाला किती चौरस फूट, बांधकाम पुरे होईपर्यंत कोणाला किती भाडे, सर्व तपशील त्यात होता. गाळ्याचा मालक मुलुंडला राहतो, त्याचे नाव यादीत होते. शेठचे नव्हते. अकरा-अकरा महिन्यांच्या कराराने तो त्या गाळ्यात चाळीस वर्षे बसला. ज्या काळात जुन्या दप्तराने त्याच्या नातवाला गावकऱ्यांत बसविले असते, तितका काळ त्याने नव्या कराराच्या बाराव्या महिन्याची वाट पाहण्यात काढला. मी सभेत उभा राहून म्हणालो की नव्या इमारतीत भाड्याने गाळा देताना पहिला हक्क त्याचा असावा, असा ठराव करावा. दोघातिघांनी अनुमोदन दिले, कायदेशीर अडचण आहे असे कोणी म्हणाले, आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

परवा संध्याकाळी तो माझ्याकडे आला. दुकानाच्या आतल्या भिंतीला, देवाच्या तसबिरीखाली, एक खिळ्यांची फळी होती. कामाला जाताना, गावाला जाताना, मुले शाळेतून लवकर येणार असली म्हणजे, माणसे तिथे घराच्या किल्ल्या ठेवून जात. त्या फळीवरच्या नऊ किल्ल्या त्याने कागदाच्या पुडीत बांधून आणल्या होत्या आणि प्रत्येकीला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावली होती. दोन घरांतली माणसे कधीच गेली होती, एका घरातले कोणी उरले नव्हते. “ही कोणाला द्यायची?” त्याने शेवटची किल्ली वेगळी काढून विचारले. ती आमच्या आईची होती.